तीन बाय तीनचा पाहुणचार

प्रदर्शनात स्टॉल घेतला की आयोजकांकडून काय मिळतं, ते आधी पाहू. तीन मीटर रुंद, तीन मीटर खोल जागा. तीन बाजूंना अडीच मीटर उंचीच्या पांढऱ्या भिंती, दर्शनी भागावर नावाची आडवी पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन स्पॉटलाइट, एक प्लग पॉइंट, कचऱ्याची टोपली. गोरेगावचं नेस्को असो, मोशीचं मैदान असो की जिल्ह्याच्या गावी भरलेलं औद्योगिक प्रदर्शन, नऊ चौरस मीटरचा हा हिशेब थोड्याफार फरकाने सगळीकडे तोच. या धंद्यातले लोक त्याला शेल स्कीम म्हणतात. जागा ताब्यात आली की बहुतेक स्टॉलधारक पहिलं काम एकच करतात. टेबल उचलून अगदी पुढच्या कडेला आडवं लावतात, मागे खुर्च्या टाकतात आणि बसतात.

तिथेच निम्मं प्रदर्शन हातचं जातं. पैसे मोजून घेतलेली सगळी जागा टेबलापलीकडे अडकते आणि बघायला आलेला माणूस वाटेतल्या गर्दीत उभा राहतो. मागून लोकांचे धक्के लागत असतात. तो एखादं पत्रक उचलतो, ‘येतो फिरून’ म्हणतो आणि सरकतो. संध्याकाळी स्टॉलवाला शेजाऱ्याला सांगतो, गर्दी होती यंदा, पण चौकशी नव्हती.

उद्योगांवर लिहिण्याच्या निमित्ताने मी अशा प्रदर्शनांमधून पुष्कळ फिरते. यंत्रांची, शेतीची, पापड-मसाल्यांची, पुस्तकांची. स्टॉलबद्दल दोन प्रश्न मला सारखे पडत आले. येणाऱ्याला इथे आत यावंसं का वाटतं किंवा का वाटत नाही, हा पहिला. प्रदर्शन संपल्यावर या सगळ्याचं काय होतं, हा दुसरा. पहिला प्रश्न लोक निदान डिझायनरला विचारतात. दुसरा कुणी कुणालाच विचारत नाही. माझं ठाम मत असं झालं आहे की हे दोन्ही एकच प्रश्न आहेत. जो स्टॉल दहा वेळा उभा राहणार आहे, त्यात निरुपयोगी वस्तू टिकूच शकत नाही, कारण ती दर खेपेला उचलावी लागते. आणि त्याचा मालक दर खेपेला लोक कुठे थांबले, कुठे अडखळले ते पाहून पुढच्या वेळी दुरुस्ती करू शकतो. चार दिवसांसाठी बांधून पाचव्या दिवशी मोडलेल्या स्टॉलला ती संधी कधीच मिळत नाही.

* * *

महालक्ष्मी सरस हे बचत गटांचं प्रदर्शन वांद्रे-कुर्ला संकुलात भरतं. ‘उमेद’ अभियानातून राज्यभरातल्या महिला तिथे माल घेऊन येतात. तिथे सिंधुदुर्गातल्या एका गटाचा स्टॉल मी बराच वेळ पाहत उभी होते. आगळ, कोकम सरबत, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ. माल शेजारच्या स्टॉलवरही साधारण तोच होता, पण माणसं इथे आत शिरत होती.

टेबल डाव्या भिंतीला लावलेलं होतं. पुढचा मीटरभर भाग मोकळा. माल ज्या पत्र्याच्या ट्रंकांतून आला, त्याच ट्रंका उजवीकडे पायऱ्यांसारख्या रचून त्यांवर खणाचं कापड टाकलं होतं, आणि त्यांवर बाटल्या. मागच्या भिंतीवर कापडी पडदा. या भिंतींना खिळा मारला किंवा डबल साइड टेपने पृष्ठभाग खराब केला तर आयोजक दंड लावतात, म्हणून पडद्याच्या वरच्या काठाला पितळी कड्या ठोकून तो लोखंडी आकड्यांनी वरच्या ॲल्युमिनियमच्या दांडीला अडकवला होता. पडद्यावर गटाचं नाव, गाव आणि तालुका. वर्ष नाही, प्रदर्शनाचं नाव नाही, भाव नाहीत. भाव पाटीवर खडूने लिहिलेले. आत एक पाठ असलेली खुर्ची रिकामी ठेवलेली, आणि ती गटातल्या कुणीही वापरायची नाही असा त्यांचा नियमच होता.

मी विचारलं, “ताई, टेबल असं कडेला लावायचं कुणी सुचवलं?”

“कोणी नाय. पहिल्या वर्षी होतं की पुढेच. मग एक आजी आल्या, वाटेतच उभ्या राहिल्या आणि विचारतात, मी आत येऊ का गं? त्यांना बसायचं होतं. तेव्हा डोक्यात आलं, आपण सगळ्यांना बाहेरच उभं केलंय.”

परतीला हा अख्खा स्टॉल त्याच ट्रंकांत बसतो. पडद्याची घडी, आकड्यांची पुरचुंडी, खडूची पाटी, खणाचं कापड. कोकणात जाणाऱ्या गाडीत तो सामानासोबत चढतो आणि पुढच्या प्रदर्शनाला जसाच्या तसा उतरतो. लाखो रुपये घेणाऱ्या एजन्सींनी आखलेल्या स्टॉलमध्ये ज्या गोष्टी मला दिसल्या नाहीत, त्या इथे होत्या: मोकळी पुढची जागा, बसायला खुर्ची, आणि दर वर्षी कामाला येणारं सामान.

* * *

दुसऱ्या टोकाला ‘बेअर स्पेस’ असते. म्हणजे नुसती जमीन, बांधकाम तुमचं. मोठ्या कंपन्या हीच घेतात. प्रदर्शनाच्या आधीच्या दोन रात्री एखाद्या हॉलमध्ये गेलात तर तिथे एक बांधकामाची वस्तीच दिसते. प्लाय कापणाऱ्या करवतीचा आवाज, एमडीएफचा भुसा, लांबीचा आणि रंगाचा वास, शिडीवर चढलेले वायरमन, वायरींच्या जंजाळातच चादर अंथरून तासभर झोपलेले सुतार. यांतले बरेचजण उत्तर प्रदेश, राजस्थानातून आलेले असतात आणि एका शहरातल्या हॉलमधून थेट दुसऱ्या शहरातल्या हॉलमध्ये जातात. हेल्मेट, हातमोजे, नाकाला मास्क क्वचित. उद्घाटनाच्या सकाळी नवा कार्पेट अंथरून त्यावरचं प्लास्टिक ओढून काढलं जातं आणि सगळं चकाचक होतं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी प्रदर्शन बंद झाल्याची घोषणा झाली की तेच सुतार पहारी घेऊन येतात. हॉल ठरलेल्या वेळेत रिकामा केला नाही तर आयोजकाला जादा भाडं भरावं लागतं, त्यामुळे स्क्रू सोडवत बसायला कुणालाच सवड नसते. चार दिवसांपूर्वी मिलिमीटरमध्ये जुळवलेले सनमायकाचे कोपरे पहारीने उचकटले जातात. चांगला प्लाय कंत्राटदार बाजूला काढतो, धातू भंगारवाला उचलतो. पण लॅमिनेट चिकटवलेला एमडीएफ, खिळ्यांनी भरलेले तुकडे, पीव्हीसीचं फ्लेक्स, पावलांनी मळलेला कृत्रिम धाग्याचा कार्पेट, यांचं पुढे काहीच होत नाही. ते कचऱ्यात जातं. सुताराच्या हातचं काम चार दिवसांत असं मोडताना बघवत नाही. तो सुतार त्याविषयी काही बोलत नाही, कारण उद्याचं काम दुसऱ्या शहरात त्याची वाट पाहत असतं.

या उधळपट्टीला जगभरात आता विरोध होतो आहे. इन्फॉर्मा मार्केट्स ही प्रदर्शनं भरवणारी मोठी कंपनी ‘बेटर स्टँड्स’ नावाचा कार्यक्रम चालवते. त्यात एकदाच वापरून टाकायचे स्टॉल बंद व्हावेत म्हणून स्टॉलधारकांचं मूल्यमापन होतं. 2021 साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत प्रदर्शन-उद्योगाने ‘नेट झीरो कार्बन इव्हेंट्स’ ही प्रतिज्ञा केली. आपल्याकडे त्याचे पडसाद अजून क्षीण आहेत. मात्र सक्तीने सवयी बदलू शकतात, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. 2018 मध्ये राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांचा बाजार पालटला. पुठ्ठ्याची, कापडाची, लाकडी चौकटीची, घडी घालून माळ्यावर ठेवता येणारी मखरं घराघरांत आली.

* * *

शेल स्कीमच्या त्या पांढऱ्या भिंतींकडे आपण बघतही नाही, पण पुन्हा वापरण्याची सगळी विद्या त्यांच्यात आहे. जर्मनीत स्टुटगार्टजवळ 1969 मध्ये ऑक्टानॉर्म ही कंपनी सुरू झाली. अष्टकोनी छेदाचा ॲल्युमिनियमचा खांब, आठही बाजूंना खाच. आडव्या पट्टीच्या टोकाला एक छोटं कुलूप असतं. पट्टीचं टोक खांबाच्या खाचेत घालायचं, ॲलन की घालून थोडी फिरवायची, आतला आकडा फाकून खाच घट्ट धरतो. उलटी फिरवली की सुटतो. खिळा नाही, वेल्डिंग नाही, भोक नाही. दोन खांब, दोन पट्ट्या आणि मधल्या खाचेत सरकवलेलं पॅनल, की झाली मीटरभर भिंत. सरावलेले दोन कामगार एकमेकांशी न बोलता एका स्टॉलचा सांगाडा उभा करतात. एकजण खांब धरतो, दुसरा गुडघ्यावर बसून खालची पट्टी कसतो, मग उठून वरची. आपल्याकडचे कंत्राटदार सगळ्याच कंपन्यांच्या अशा सामानाला ‘ऑक्टोनॉर्म’ म्हणतात. तेच खांब वर्षानुवर्षं गावोगाव फिरत असतात. त्यांच्यावरचे ओरखडे पाहिले की ते किती फिरले असतील याचा अंदाज येतो.

मापं आधी ठरवून, सुटे भाग करून, जोडायचं आणि सोडवायचं, ही कल्पना त्याहून बरीच जुनी. आधुनिक प्रदर्शनांची सुरुवात ज्या इमारतीत झाली असं मानतात, ती इमारतच सुट्या भागांची होती. लंडनच्या हाइड पार्कमध्ये 1 मे 1851 रोजी उघडलेला क्रिस्टल पॅलेस. तो आखला जोसेफ पॅक्स्टन या बागकाम जाणणाऱ्या माणसाने. त्या काळी बनू शकणाऱ्या काचेच्या लांबीचा विचार करून त्याने बाकीची मापं बसवली, खांबांमधलं अंतर 24 फुटांच्या पटीत ठेवलं आणि लोखंड, लाकूड व जवळपास तीन लाख काचा जोडून अवाढव्य मंडप उभा केला. हिंदुस्थानच्या विभागातल्या वस्तू आणि कोहिनूर बघायला तिथे झुंबड उडाली होती. प्रदर्शन संपल्यावर सगळं सोडवून लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅमला नेलं आणि 1854 मध्ये आणखी मोठ्या रूपात पुन्हा उभं केलं. 30 नोव्हेंबर 1936 च्या रात्री आगीत तो जळाला.

त्यानंतर महिन्याच्या आत खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. सोबत खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं. गांधीजींचा आग्रह होता की सगळी उभारणी गावच्या साहित्यातून आणि गावच्या कारागिरांच्या हातून व्हावी. शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस आले, वास्तुरचनेची बाजू म्हात्रे नावाच्या वास्तुविशारदांनी सांभाळली आणि बांबू व आसपास मिळणारं सामान घेऊन ‘टिळकनगर’ उभं राहिलं. माझ्या लेखी प्रदर्शनाच्या मांडणीचा इतिहास महाराष्ट्रात इथून शिकवायला हवा. जे सामान तिथे पिकतं तेच वापरायचं, दोरीने बांधायचं, सोडवलं की ते पुन्हा कामाचं. आणि बघायला येणारा शेतकरी त्या कमानीखालून जाताना बुजत नाही, कारण त्यातलं प्रत्येक साहित्य त्याच्या ओळखीचं असतं.

* * *

भोसरीच्या एका कारखानदारांकडे मला यंत्र-प्रदर्शनातल्या स्टॉलचं उत्तम उदाहरण मिळालं. मशीनवर जॉब पकडून ठेवणारी फिक्श्चर्स ते बनवतात आणि बंगळुरूच्या इमटेक्ससह दोन-चार ठिकाणी स्टॉल लावतात. एका वर्षी त्यांनी एजन्सीकडून लाकडी स्टॉल करून घेतला होता. दिसायला देखणा. शेवटच्या रात्री आपल्या नावाची अक्षरं पहारीने पडताना त्यांनी पाहिली आणि परत आल्यावर आपल्याच शॉपमधल्या वेल्डरला बोलावलं.

वेल्डरने पहिलं विचारलं ते असं: “साहेब, न्यायचा कशातून?”

हा प्रश्न प्रत्येक स्टॉलच्या आराखड्याच्या आधी विचारायला हवा. उत्तर होतं छोटा हत्ती, म्हणजे तो लहानसा मालवाहू टेम्पो. त्याचा हौदा साधारण सात फूट लांब. म्हणजे कुठलीही चौकट त्याहून लांब करायची नाही. एक इंची चौकोनी पाइपच्या, दोन मीटर उंच आणि मीटरहून जराशा अरुंद चौकटी, वर जोडायला अर्ध्या मीटरचे तुकडे. सगळे बोल्ट एम-आठ, त्यामुळे सगळ्याला तेरा नंबरचा एकच पाना. प्रत्येक चौकटीला कोपऱ्यात पंचने नंबर मारलेला. तळाला लेव्हलिंगचे पाय, कारण हॉलची फरशी कधीच सपाट नसते. रुंदी त्यांनी तीन मीटरपेक्षा मुद्दाम कमी ठेवली. शेल स्कीममध्ये खांबांची जाडी वजा होते, आत नेट माप तीन मीटर भरत नाही. तीन मीटरचा छापलेला पडदा घेऊन आलेले आणि उद्घाटनाच्या आदल्या रात्री कात्रीने काठ कापत बसलेले लोक मी किती तरी प्रदर्शनांत पाहिले आहेत.

चौकटींवर फ्लेक्स लावायचं त्यांनी टाळलं. छापील कापडाच्या चारही कडांना सिलिकॉनची बारीक पट्टी शिवून घेतली. ती चौकटीच्या कडेला बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या खाचेत अंगठ्याने दाबत जायचं, कापड ताठ बसतं. काढलं की घडी करून पिशवीत. कापडावर प्रकाश चमकत नाही, म्हणून फोटोही चांगले येतात. उत्पादन बदललं तर फक्त मधलं कापड नवं छापायचं. एलईडी ट्रॅक लाइट स्वतःचे, वायर आणि प्लगसकट एका पेटीत. पेटीच्या झाकणाच्या आतून एक फोटो चिकटवलेला, सगळं सामान जागच्या जागी ठेवलं की पेटी कशी दिसते त्याचा. एखादा पाना राहिला तर झाकण लावतानाच कळतं.

आता स्वागताचं. त्यांच्या स्टॉलच्या पुढच्या कोपऱ्यावर कंबरेच्या उंचीला एक छोटा ओटा आहे आणि त्यावर कापून उघडलेलं फिक्श्चर, आतला जबडा, स्प्रिंग, पिस्टन दिसणारं. लिव्हर दाबली की जबडा मिटतो. जाणारा इंजिनीअर थांबतो आणि त्याचा हात आपोआप लिव्हरवर जातो. स्टॉलवरचा माणूस तेव्हा काहीच बोलत नाही. दोन-तीनदा दाबून झाल्यावर तो पाहुणाच विचारतो, “स्ट्रोक किती आहे?” मग बोलणं सुरू होतं आणि तोपर्यंत तो दोन पावलं आत आलेला असतो. ‘सर, आपल्याला काय हवंय?’ हा वाटेतच अडवणारा प्रश्न त्या स्टॉलवर विचारला जात नाही.

आत उंच स्टूल आहेत. बसलेल्या माणसाची नजर उभ्या पाहुण्याच्या नजरेला भिडेल इतके उंच. त्यामुळे दिवसभर उभं राहून पाय मोडत नाहीत आणि कुणी आलं तर खाली बसल्या बसल्या मान वर करून बोलण्याचा उद्धटपणाही होत नाही. जमिनीवर फळ्यांचा उंचवटा केलेला नाही. वायरी लपवण्यासाठी पुष्कळ स्टॉलवाले चार इंचांचा प्लॅटफॉर्म करतात. त्याच्या काठाला ठेच लागते, चाकाची खुर्ची वर चढत नाही, आणि चढायची ती पायरी पाहून कित्येकजण बाहेरूनच परततात. प्लॅटफॉर्म करायचाच असेल तर उताराचा रॅम्प हवा, नाहीतर करूच नये.

अक्षरांबाबतचा त्यांचा नियम साधा आहे. नाव आणि आपण काय बनवतो हे डोक्यांवरून दिसेल असं, सहा-साडेसहा फुटांच्या वर. तपशील डोळ्यांच्या उंचीला. गुडघ्याखाली काहीच नाही, कारण तिथे गर्दीचे पाय असतात. पाट्या रंगवणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा की दहा फुटांवरून आरामात वाचता यायला अक्षर निदान इंचभर उंच हवं. यावरून तीस फुटांवरच्या वाटसरूसाठी किती मोठं हवं ते काढता येतं. आणि मग लक्षात येतं की भिंतीवर सात-आठ शब्दांहून जास्त मजकूर बसतच नाही.

* * *

भिंतीवर काय लिहायचं, या मुद्द्यावर मला शेतीच्या प्रदर्शनांत सगळ्यात जास्त चीड येते. मोशीला डिसेंबरात ‘किसान’ भरतं, बारामतीला जानेवारीत ‘कृषिक’. मराठवाड्यातून, विदर्भातून रात्रभर प्रवास करून शेतकरी गटागटाने येतात. त्यांचे प्रश्न तीन: हे यंत्र करतं काय, पडतं केवढ्याला, आणि बिघडलं तर माझ्या तालुक्यात दुरुस्तीला कोण येणार. समोर मात्र इंग्रजी घोषवाक्य आणि हसऱ्या मॉडेलचा फोटो. ही तीन उत्तरं मराठीत, मोठ्या अक्षरांत, समोरच्या भिंतीवर लिहिणारा स्टॉल मला दिसतो तेव्हा तिथे हमखास घोळका असतो. उन्हात चालून पाय दुखलेल्या माणसाला बाक आणि प्यायला पाणी देणाऱ्या स्टॉलवर तो अर्धा तास बसतो. त्या अर्ध्या तासात त्याच्याशी जे बोलणं होतं, ते हजार पत्रकांनी होत नाही.

* * *

सुटं करून गाडीत घालायचं आणि पुन्हा उभं करायचं, हे आपल्याला नवं नाही. मराठी व्यावसायिक नाटक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलं आहे. दुपारी दादरच्या शिवाजी मंदिरात प्रयोग, रात्री ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये, मग आठ दिवस दौरा. दिवाणखाना, जिना, खिडकी, देव्हारा, सगळं सुटं होऊन गाडीत चढतं. नेपथ्याच्या सुट्या भिंतींच्या, म्हणजे फ्लॅटच्या, मागच्या बाजूला खडूने किंवा रंगाने खुणा, बिजागरीची पिन उपसली की भिंतीची घडी. तिसरी घंटा व्हायच्या आत बॅकस्टेजची माणसं घर उभं करतात आणि प्रेक्षकाला त्या घरात जोड दिसत नाही. दामू केंकरे, प्रदीप मुळ्ये यांच्यासारख्या नेपथ्यकारांनी प्रत्येक रेषेचा विचार दौऱ्याच्या या वास्तवात राहून केला. 1962 च्या ‘तो मी नव्हेच’चा फिरता रंगमंच तर गाजलाच.

प्रदर्शनाच्या धंद्याने या माणसांना विचारायला हवं. स्टॉल आखायला परदेशी कॅटलॉगमधले फोटो दाखवणारे डिझायनर मिळतात. पण हे गाडीत कसं चढेल, कुठल्या क्रमाने उतरेल, चौथ्या खेपेला कुठला कोपरा खिळखिळा होईल आणि अंधारात दोघांनी तो कसा कसायचा, हे ज्याला हाताने माहीत आहे असा माणूस बॅकस्टेजला असतो. पुण्या-मुंबईतल्या नाट्यगृहांमागे अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांच्या कसबाला आठवड्याचे चार दिवस काम नसतं. एखाद्या कारखानदाराने आपल्या स्टॉलचा संच त्यांच्याकडून करून घेतला तर दोघांचाही फायदा आहे.

पुन्हा वापरायच्या स्टॉलची खरी परीक्षा प्रदर्शनाच्या नंतर होते. परत आलेलं सामान आठवड्याच्या आत उघडलं गेलं पाहिजे. मळलेलं कापड धुवायचं, वाकलेली चौकट सरळ करायची, हरवलेले बोल्ट भरायचे, काय चाललं आणि काय नाही ते वहीत लिहायचं आणि मगच पेटी बंद करायची. हे न केल्यामुळे चांगले संच दोन वर्षांत भंगारात गेलेले मला ठाऊक आहेत. ठेवायला कोरडी जागा लागते. मुंबईत ती मिळणं अवघड आहे, आणि छोट्या उद्योजकाचं गाडं नेमकं इथेच अडतं. वर्षातून दोन प्रदर्शनं करणाऱ्याला स्वतःचा संच परवडतोच असं नाही.

म्हणून तो सामाईक असावा. एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनेने चार संच करून सभासदांना भाड्याने द्यावेत, कापड ज्याचं त्याने छापावं. बचत गटांच्या प्रभाग संघांनी ट्रंका, कड्यांचे पडदे, दिवे आणि घडीच्या मांडण्या यांचा एक संच ठेवावा. सरसला गेलेला गट परत आला की तोच संच पुण्याच्या भीमथडी जत्रेला जाणाऱ्या गटाकडे जावा. आयोजकांनी स्टॉलचं आतलं नेट माप बुकिंगच्या पावतीवरच छापावं, सोडवून परत नेलेल्या स्टॉलला भाड्यात सूट द्यावी आणि मागे सोडलेल्या कचऱ्याचे पैसे वजनावर लावावेत. यातलं काहीही नवं तंत्रज्ञान मागत नाही.

प्रदर्शनांचा मोसम डिसेंबरात सुरू होतो. चौकोनी पाइप प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळतो आणि चांगल्या वेल्डरला, शिंप्याला असा एक संच उभा करायला पंधरा दिवस पुरतात. ज्यांनी यंदाचा स्टॉल बुक केला आहे, त्यांनी एजन्सीला फोन करण्याआधी या दोघांशी बोलावं.